मूकपटातले चेहरे : एका संध्याकाळच्या खेळाची नोंदवही

2 जून

कामाची हद्द ठरली. दीड तासाचा एक खेळ आणि सभागृहाबाहेर बारा फलक. विषय एकच, भारतीय मूकपटातले नट आणि नट्या. काळ 1913 ते 1934. 14 मार्च 1931 ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' लागला, पण मूकपट त्या दिवशी संपला नाही. पुढे दोन-तीन वर्षं दोन्ही प्रकार शेजारीशेजारी चालत होते. म्हणून 1931 ही शेवटची रेघ मानायची नाही.

खेळाचा कणा 'कालिया मर्दन' (1919). फाळक्यांच्या मूकपटांपैकी बऱ्यापैकी सलग बघता येतो असा हाच, आणि त्यात कृष्णाचं काम करणारी मंदाकिनी फाळके हा या साऱ्या उपक्रमाचा मुख्य चेहरा. त्याआधी 'राजा हरिश्चंद्र'चे उरलेले तुकडे, नंतर 'प्रपंच पाश' (1929) मधली सहा मिनिटं.

फलकांसाठी पहिली यादी : अण्णा साळुंके, दत्तात्रय दामोदर दाबके, दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई (एकाच फलकावर, मायलेकी म्हणून), मंदाकिनी फाळके, कोल्हापूरच्या कमलादेवी, झुंजारराव पवार, फातमा बेगम आणि झुबेदा (याही मायलेकी), पेशन्स कूपर, सुलोचना, गोहर, मास्टर विठ्ठल, सीतादेवी. बरोबर बारा.

एक अट पहिल्याच दिवशी लिहून ठेवली. फलकावर 'महान', 'अजरामर' असे शब्द येणार नाहीत. नटाने पडद्यावर नेमकं काय केलं, तेच लिहायचं.

5 जून

साहित्याची जमवाजमव आणि हक्कांचा कागद.

भारतीय कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो, तेव्हा 1919 किंवा 1929 चा मूकपट मुळात मोकळा आहे. घोळ होतो तो प्रतीपाशी. संग्रहालयाकडून घेतलेली प्रत ज्या अटींवर मिळते त्या अटी पाळाव्याच लागतात. नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीवर आजच्या संगीतकाराचं संगीत असतं, आणि त्याचा हक्क वेगळा. 'प्रपंच पाश'ची ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने 2006 मध्ये दुरुस्त केलेली प्रत नितीन साहनींच्या संगीतासह आहे. आवाज बंद करून स्वतःची पेटी वाजवली की प्रश्न मिटला, असं समजू नये. परवानगीच्या पत्रात 'मूळ ध्वनिपट्टीशिवाय, सभागृहातल्या वादनासह' असं स्पष्ट लिहून मागितलं.

'राजा हरिश्चंद्र'बद्दल पाटी काळजीपूर्वक लिहावी लागेल. मूळ चित्रपट चार रिळांचा, सुमारे 3,700 फूट, 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागलेला. आज दिसतात ती पहिलं आणि शेवटचं रीळ. ही रिळं 1917 मध्ये फाळक्यांनीच पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत, असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे. खेळाआधीच्या पाटीवर दोन्ही सालं द्यायची. '1913 चा मूळ चित्रपट' असं बेधडक लिहायचं नाही.

9 जून

आजचा पूर्ण दिवस वेगावर गेला. जायलाच हवा होता, कारण नटाचा अभिनय वेगातच असतो.

मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचा. एका फेऱ्यात आठ फ्रेम (फिल्मवरची सुटी चित्रं), सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा फ्रेम. हा झाला पुस्तकी हिशेब. प्रत्यक्षात कॅमेरामनचा हात ऊन, रिळाचा ताण, प्रसंगाची घाई यांप्रमाणे कमीजास्त फिरे. बोलपट आल्यावर वेग सेकंदाला 24 वर कायमचा बांधला गेला. जुनी रिळं 24 ने चालवली की माणसं तुरुतुरु पळतात, नमस्कार म्हणजे झटका वाटतो, रडणं म्हणजे उचकी. 'मूकपटातले नट फार हातवारे करायचे' ही आपल्याकडची समजूत बरीचशी या एका चुकीतून आली आहे. नट हातवारे करत नव्हते, आपण त्यांना दीडपट वेगाने पळवत होतो.

35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम बसतात. त्यावरून हजार फुटांचा हिशेब :

16 च्या वेगाने 16 मिनिटं 40 सेकंद
18 च्या वेगाने 14 मिनिटं 49 सेकंद
20 च्या वेगाने 13 मिनिटं 20 सेकंद
24 च्या वेगाने 11 मिनिटं 7 सेकंद

'कालिया मर्दन'ची उरलेली लांबी सुमारे 4,400 फूट धरली, तर 16 ने 73 मिनिटं, 18 ने 65 आणि 24 ने जेमतेम 49. हातातली प्रत किती मिनिटांची आहे एवढं पाहिलं तरी ती कोणत्या वेगाने उतरवली आहे याचा अंदाज लागतो. पन्नास मिनिटांच्या आसपास असेल तर ती पळवलेली आहे.

योग्य वेग शोधायला चाल बघू नये. नट मुद्दाम हळू किंवा जलद चालू शकतो. पडणारी वस्तू बघावी, तिच्यावर दिग्दर्शकाची हुकमत चालत नाही. एक मीटर उंचीवरून काहीही पडलं तर 0.45 सेकंद लागतो. तेवढ्या वेळात 16 च्या वेगाने सात फ्रेम उलटतात, 18 ने आठ, 20 ने नऊ, 24 ने जवळजवळ अकरा. घागरीतून सांडणारं पाणी, हातातून सुटलेलं भांडं, झाडावरून उडी, यातलं काहीही चालतं. उंची मोजायला शेजारी उभ्या माणसाच्या खांद्यापर्यंतचं अंतर सुमारे 1.3 मीटर धरावं, मूल असेल तर कमी. तारेने किंवा बाहुलीने केलेल्या युक्तीच्या दृश्यावर हा हिशेब लावू नये. फाळक्यांकडे अशी दृश्यं भरपूर आहेत.

दुसरी चाचणी डोळ्यांची. चित्रपटाची सुरुवातच मंदाकिनीच्या मुद्राभिनयाने होते. सात वर्षांची मुलगी कॅमेऱ्याकडे बघून एकामागून एक भाव दाखवते आणि मग विरघळत्या चित्रातून तीच कृष्ण होते. प्रेक्षकाला फाळके आधी सांगतात की ही मुलगी आहे, आणि मगच देव दाखवतात. हे दृश्य 16, 18, 20 आणि 24 अशा चार वेगांनी लागोपाठ पाहिलं. 24 ला चेहरा नुसता वेडावतो. 16 ला प्रत्येक भाव सुटा दिसतो, पण एका भावातून दुसऱ्यात जाताना ती अडकल्यासारखी वाटते. 18 ला ते जाणं दिसतं. हसू ओसरतं, मग भुवई चढते, आणि मध्ये क्षणभर ती नुसतीच लहान मुलगी असते. तो क्षण बघण्यासाठीच लोकांना बोलवायचं आहे.

ठरलं : 'कालिया मर्दन' 18 ने.

11 जून

सभागृहातला प्रोजेक्टर 24 शिवाय दुसरा वेग घेत नाही. म्हणून 18 चं चित्र 24 च्या डब्यात बसवावं लागतं. पद्धत सोपी आहे, पण चुकायला जागा पुष्कळ.

18 पासून 24 : दर तिसरी फ्रेम दोनदा दाखवायची. तीनाच्या चार होतात.
16 पासून 24 : दर दुसरी फ्रेम दोनदा. दोनाच्या तीन.
20 पासून 24 : दर पाचवी फ्रेम दोनदा. पाचाच्या सहा.

फ्रेम पुन्हा दाखवायची, मिसळायची नाही. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलला की ते आपोआप दोन शेजारच्या फ्रेमची भेसळ करून मधली नवी फ्रेम बनवतं. हात हलला की तीन हात दिसतात आणि डोळ्यांची उघडझाप धुरकट होते. 'फ्रेम ब्लेंडिंग' आणि 'ऑप्टिकल फ्लो' दोन्ही बंद. एफएफएमपेग (व्हिडिओ फाइल बदलण्याचं सॉफ्टवेअर) वापरायचं तर आधी मूळ फाइलचा वेग 18 आहे असं सांगायचं, मग बाहेर पडणारा वेग 24. साधा एफपीएस फिल्टर फ्रेम नुसत्या दुहेरी करतो, आपल्याला तेच हवं.

त्याआधी एक तपासणी अत्यावश्यक. मिळालेल्या फाइलमध्ये कुणीतरी पूर्वीच फ्रेम दुहेरी करून ठेवलेल्या असतात. हलत्या दृश्यातल्या चोवीस फ्रेम एकेक करून पुढे न्याव्यात. दर चौथी फ्रेम आधीच्या फ्रेमसारखीच निघाली तर ती प्रत 18 वरून 24 केलेली आहे, तिला हात लावायचं कारण नाही. दुहेरीची जागा कधी तिसरी, कधी पाचवी अशी सरकत असेल तर ती फाइल 25 किंवा 30 मधून फिरून आली आहे. तशी प्रत सरळ टाकून द्यावी आणि मागच्या टप्प्याची मागावी. तिच्यावर पुन्हा प्रक्रिया केली की चाल लंगडते आणि तो लंगडेपणा नटाच्या नावावर जमा होतो.

14 जून

चौकटीची डावी कड.

मूकपटाची चौकट फिल्मची पूर्ण रुंदी व्यापते, सुमारे 24 बाय 18 मिमी, म्हणजे चारास तीन. बोलपटात डावीकडची पट्टी आवाजाला गेली. मूकपटाची जुनी निगेटिव्ह पुढे बोलपटाच्या यंत्रावर छापली, तर डाव्या बाजूचं सुमारे दोन-तीन मिमी चित्र कापलं जातं. पडद्यावर ते थोडंथोडकं नसतं. दोन नट समोरासमोर उभे असतील तर डावीकडच्याचा अर्धा चेहरा जातो, आणि दृश्य एकट्या उजवीकडच्या नटाचं वाटू लागतं.

ओळखायची खूण : मजकुराची पाटी बघा. पाटी छापणारा माणूस मजकूर मधोमध ठेवतो. डावा समास उजव्यापेक्षा स्पष्टपणे कमी असेल तर डावी कड कापलेली आहे. गेलेलं चित्र परत आणता येत नाही, पण निदान पडद्यावर आणखी कापू नये. सभागृहाच्या प्रोजेक्टरमधलं 'ओव्हरस्कॅन' (चित्राच्या कडा कापणारी सोय) शून्यावर आणायचं.

दुसरा धोका याहून मोठा आणि रोज घडणारा. चौकोनी चित्र लांबट पडदा भरायला ताणतात. चारास तीनचं चित्र सोळास नऊमध्ये ताणलं की रुंदी एक तृतीयांशाने वाढते. सडपातळ मास्टर विठ्ठल पैलवान दिसतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्यायच्या. पडदा 12 फूट रुंद आणि 9 फूट उंच मिळेल असा काळ्या कापडाने बांधून घेणं हा सगळ्यांत बिनतक्रार उपाय. पट्टी दिसली नाही की ती भरा म्हणून कुणी सांगत नाही.

17 जून

साळुंक्यांचा फलक लिहिला.

ग्रँट रोडच्या उपाहारगृहात स्वयंपाकी, पगार महिना दहा रुपये. फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि साळुंके 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले. 1917 च्या 'लंका दहन'मध्ये रामही तेच आणि सीताही तेच. ही गोष्ट सगळीकडे गंमत म्हणून सांगितली जाते. फलकावर ती काम म्हणून मांडली. एकाच नटाला दोन पात्रं तोलायची असली की पहिला प्रश्न उभं राहण्याचा. रामाचा भार दोन्ही पायांवर सारखा, सीतेचा एका पायावर. मान, खांदा, पदराचा हात, नजर खाली की समोर, या सगळ्याची भाषा मराठी रंगभूमीवरच्या स्त्रीपार्टींनी तयार करून ठेवलेली होती. पण रंगभूमीवर आवाज आणि गाणं मदतीला असतं. इथे ते काढून घेतलं, शिवाय कॅमेरा जवळ आणून ठेवला. उरलं ते केवळ शरीर.

'हरिश्चंद्र'मधलं कारंज्याचं दृश्य खेळात ठेवलं आहे. अंतःपुरातल्या स्त्रिया पाण्यात खेळत आहेत, साड्या ओल्या आहेत, आणि सगळे पुरुष आहेत. प्रेक्षक हसतील. हसू देत. अर्ध्या मिनिटाने ते हसू थांबतं, कारण नट मंडळी काम सोडत नाहीत.

मजकूर लिहिताना एक जोडी आपोआप जुळली. 1917 मध्ये पुरुष सीता होतो आणि 1919 मध्ये मुलगी कृष्ण होते, दोन्ही एकाच दिग्दर्शकाच्या हाताखाली. साळुंके आणि मंदाकिनी यांचे फलक शेजारीशेजारी.

त्यांच्यालगत दुर्गाबाई आणि कमलाबाई. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये आई पार्वती, मुलगी मोहिनी. भारतीय चित्रपटात काम करणाऱ्या या पहिल्या स्त्रिया. पुढचा धागा मराठी वाचकाला सांगायलाच हवा : कमलाबाई गोखले म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. तबलावादक लालजी गोखले हेही त्यांचेच पुत्र.

20 जून

छायाचित्रांची ओळख पटवण्याचा दिवस. रंगभूषा समजल्याशिवाय हे काम करू नये.

त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला आंधळी. लाल ओठ काळे येतात, कुंकू काळं येतं, निळं आकाश पांढरंफटक, निळे डोळे जवळजवळ पारदर्शक. सावळ्या किंवा तांबूस कातडीची छटा प्रत्यक्षापेक्षा गडद उमटते, म्हणून चेहऱ्याला पांढऱ्या-पिवळसर पावडरीचा जाड थर देत. हातांना तो देत नसत किंवा तो पुसला जाई. चेहरा पांढरा आणि मनगटापासून हात गडद दिसले तर ती छपाईची चूक नाही, तो रंगभूषेचा पुरावा आहे. सर्व रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली. तेव्हापासून चेहऱ्यावर मधल्या करड्या छटा येतात आणि पावडरीचा थर पातळ होतो. साल नसलेल्या छायाचित्राचा काळ यावरून ढोबळमानाने लावता येतो.

व्यवहारात उपयोगी पडलेल्या खुणा :

कानाची पाळी आणि कानाचा आकार रंगभूषेने बदलत नाही. दोन छायाचित्रं एकाच नटीची आहेत का, हे आधी कानावरून बघावं. भुवयांवर विसंबू नये, त्या काढलेल्या असतात. केसांचा भांग उलट बाजूला दिसला तर चित्र उलटं छापलं आहे का ते पाहावं. साडीचा पदर, जानवं, अंगरख्याची बटणं यावरून कळतं.

रंगीत करून दिलेली छायाचित्रं घ्यायची नाहीत. ऑर्थो फिल्मवरच्या करड्या छटेवरून मूळ रंग काढताच येत नाही, कारण लाल आणि काळा तिथे एकच होतात. संगणकाने 'स्पष्ट' केलेले चेहरेही नकोत. अंधुक चित्रात सॉफ्टवेअर नव्या पापण्या आणि नवे दात बसवतं. चेहरा छान दिसतो, पण तो सुलोचनाचा राहत नाही.

23 जून

नावांचे सापळे. सूची करणाऱ्याने हे पान भिंतीवर लावावं.

सुलोचना : मूकपटातली सुलोचना म्हणजे रुबी मायर्स, 1907 मध्ये पुण्यात जन्मलेल्या बगदादी ज्यू कुटुंबातल्या. मराठी चित्रपटातल्या सुलोचनादीदी वेगळ्या, लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण वेगळ्या. नुसतं 'सुलोचना' शोधलं की तिघींची छायाचित्रं एकत्र येतात.

कमला : कमलाबाई गोखले फाळक्यांच्या. कमलादेवी कोल्हापूरचे दिग्दर्शक बाबुराव पेंटर यांच्या, मूळ नाव गुलाबबाई. 'सैरंध्री'त (1920) त्यांच्याबरोबर आलेल्या अनसूयाबाईंचं पडद्यावरचं नाव सुशीलादेवी.

झुबेदा : 'आलम आरा'ची नायिका झुबेदा ही फातमा बेगमची मुलगी, सुलताना आणि शहजादी या तिच्या बहिणी. 1952 च्या विमान अपघातात गेलेल्या झुबेदा बेगम निराळ्या.

सीतादेवी म्हणजे रेनी स्मिथ, इंदिरादेवी म्हणजे एफी हिपोलेट. अँग्लो-इंडियन आणि ज्यू नट्यांना हिंदू नावं देण्याची पद्धत होती. फलकावर दोन्ही नावं द्यायची, पडद्यावरचं आधी. ते नाव त्यांनी कामाने कमावलं आहे.

ललिता पवार : मूळ नाव अंबू सगुण, जन्म 1916, येवला. 'राजा हरिश्चंद्र'मधली बालकलाकार असं वाचलं की लोक फाळक्यांचा चित्रपट धरतात. ते अशक्य आहे. तो 1928 चा, पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीचा.

26 जून

सुलोचना. सगळ्यांत अवघड फलक.

सर्वांत मोठी तारका, आणि दाखवायला मूकपट नाही. टेलिफोन ऑपरेटर होत्या, दिग्दर्शक मोहन भवनानींनी कोहिनूर कंपनीत आणलं. 1926 मध्ये 'टेलिफोन गर्ल' आणि 'टायपिस्ट गर्ल', 1927 मध्ये 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे', 1928 मध्ये 'अनारकली'. 'वाइल्डकॅट'मध्ये आठ रूपं : माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, केळी विकणारी म्हातारी, युरोपियन बाई आणि आणखी काही. पौराणिक पात्रांच्या गर्दीत नोकरी करणारी, शहरात एकटी वावरणारी मुलगी त्यांनी पडद्यावर उभी केली. बोलपट आल्यावर हिंदुस्थानी शिकण्यासाठी थांबल्या आणि परत आल्या. 1935 मध्ये पुन्हा 'अनारकली' झाल्या. 1953 च्या 'अनारकली'त सलीमची आई त्यांनीच केली. 1973 चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

हरवलेल्या चित्रपटाचा अभिनय कसा दाखवायचा? पहिला विचार नंतरच्या बोलपटातला तुकडा लावायचा होता. तो रद्द. बोलपटात नटाला ध्वनिग्राहकाच्या आसपास राहावं लागे, त्यावरून मूकपटातल्या हालचालीचा अंदाज येत नाही. त्याऐवजी फलकाचे दोन भाग केले. डावीकडे एकच मोठं छायाचित्र, उजवीकडे आठ रिकाम्या चौकटी आणि प्रत्येकीखाली पात्राचं नाव. पाहणाऱ्याने डावीकडचा चेहरा घेऊन उजवीकडे जायचं. बारा फलकांतला हा सगळ्यांत रिकामा, आणि काय हरवलं आहे ते सर्वांत नीट सांगणारा.

मास्टर विठ्ठलांची गत याहून फार वेगळी नाही. शारदा फिल्म कंपनीचे मारधाडपट, घोडा, तलवार, कडेलोट. 'आलम आरा'साठी करार मोडला म्हणून खटला झाला, तो त्यांच्या बाजूने बॅरिस्टर जिनांनी लढवला. पण ज्या नटाचं सारं बोलणं अंगाने होतं त्याला पहिल्याच बोलपटात संवाद जमेनात, आणि पात्र बराच वेळ भारल्यासारखं, अबोल ठेवावं लागलं.

30 जून

कोल्हापूरचा भाग. 'सैरंध्री'त भीमाच्या भूमिकेत बाळासाहेब यादव, कीचक झुंजारराव पवार. कीचकवधाचं दृश्य इतकं खरं वाटलं की सेन्सॉरने त्याला कात्री लावली. 'सावकारी पाश'मध्ये (1925) तेच झुंजारराव म्हातारा शेतकरी, कमलादेवी त्याची बायको, आणि तरुण मुलगा व्ही. शांताराम. कीचक ते कर्जबाजारी शेतकरी हा पाच वर्षांतला प्रवास फलकावर दोन छायाचित्रांत मांडला, मजकूर चार ओळी. जास्त लिहिलं की चित्रं दबतात.

3 जुलै

'कालिया मर्दन'च्या वादनाचा तक्ता. पेटी, तबला, व्हायोलिन, टाळ. एकूण 14 जागा. प्रत्येक जागेपुढे वेळ, पाटीचे पहिले दोन शब्द, लय आणि 'चालू' किंवा 'थांब'. नुसत्या वेळेवर वाजवू नये, पाटीचे शब्द हीच खरी खूण. वादकाची नजर घड्याळाकडे गेली की मंदाकिनीकडून निघते.

काही निर्णय : खोड्यांच्या प्रसंगांना मध्य लयीत केहरवा ताल. रात्री व्यापाऱ्याच्या घरात शिरून त्याची दाढी बायकोच्या केसांना बांधतात, तिथे तबला बंद, पेटीचा एकच खर्ज. गाठ बसते तिथे टाळाचा एक ठोका, बस. पाण्याखालच्या झुंजीत पेटी नको, फक्त तबल्याचा बायां आणि व्हायोलिनचा लांब गज. काठावर आक्रोश करणाऱ्या गोकुळवासीयांना जोगिया राग. कृष्ण फणेवर उभा राहतो तेव्हा आधी चार सेकंद पूर्ण शांतता, मग द्रुत लय.

पावलागणिक तबला वाजवायचा मोह टाळावा. पाऊल दिसतच असतं.

8 जुलै

पहिली तालीम. तीन दोष.

एक, चित्र विचित्र गुळगुळीत दिसत होतं, नट पाण्यातून चालल्यासारखे. प्रोजेक्टरमध्ये 'मोशन स्मूदिंग' चालू होतं. आपण जपून दुहेरी केलेल्या फ्रेम यंत्र पुन्हा मिसळत होतं. मेनूत त्याला प्रत्येक बनावटीत वेगळं नाव असतं. चित्राच्या प्रकारात 'सिनेमा' निवडल्यावरही ते वेगळं बंद करावं लागलं.

दोन, पाट्या मोठ्याने वाचणारा माणूस मागे पडत होता. हिंदी पाटी वाचून मराठीत सांगायला शब्दागणिक सेकंद लागतो, आणि पाटी तेवढा वेळ टिकत नाही. उपाय : पाटी लांबवायची नाही, सांगणं छोटं करायचं. सर्वांत मोठं मराठी वाक्य दहा शब्दांचं.

तीन, पहिल्या रांगेतून चित्र नीट बसत नव्हतं. पहिली रांग पडद्यापासून 18 फुटांवर नेली.

12 जुलै

फलकांची छपाई. आकार ए-दोन, 42 बाय 59.4 सेमी, पाच मिमी सनबोर्डवर (फोमच्या पाटीवर). दीडशे डीपीआयला (इंचाला दीडशे ठिपके) 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात. जुन्या मासिकातलं चित्र ठिपक्यांचं असतं. ते तीनशेला स्कॅन केलं की ठिपके आणि स्कॅनरची जाळी एकमेकांवर बसून लाटा उमटतात. सहाशेला स्कॅन करून, ठिपके पुसून, मग लहान करावं. चकचकीत लॅमिनेशन नको. दिव्याचं प्रतिबिंब नेमकं डोळ्यांवर येतं.

मुद्रितशोधनात सापडलेल्या चुका : 'झुबेदा'च्या फलकावर फातमा बेगमचं चित्र, 'बुलबुल-ए-परिस्तान'चं साल 1924 (हवं 1926), आणि पेशन्स कूपरच्या 'पत्नी प्रताप'मधल्या दुहेरी भूमिकेत 'आई आणि मुलगी' (हवं : दोन बहिणी).

19 जुलै

खेळ झाला. 'हरिश्चंद्र'चे तुकडे 16 ने, 'कालिया मर्दन' 18 ने, 'प्रपंच पाश' दुरुस्त प्रतीच्या स्वतःच्या वेगाने. 1920 च्या दशकाअखेर कॅमेरे जलद फिरू लागले होते, तिथे 18 लावला असता तर सीतादेवी झोपेत चालल्यासारखी दिसली असती.

कारंज्याच्या दृश्यात हशा आला आणि ठरल्यासारखा ओसरला. मुद्राभिनयाच्या वेळी वादन पूर्ण बंद ठेवलं होतं, पंख्याचा आवाज ऐकू येत होता. काठावरच्या आक्रोशात जोगिया वीस सेकंद उशिरा सुरू झाला, कारण तक्त्यावरची पाटी या प्रतीत तुटलेली आहे. सातव्या जागेची खूण बदलायची : पाटी नव्हे, यशोदा बसते तो क्षण.

सुलोचनाच्या रिकाम्या चौकटींपुढे लोक सर्वांत जास्त थांबले. दोघांनी विचारलं, चित्रं अजून यायची आहेत का. त्या फलकाखाली एक ओळ वाढवायची : 'या चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही.' पुढच्या गावी नेण्याआधी एवढी एक पट्टी छापून चिकटवायची. रुंदी फलकाएवढी 42 सेमी, उंची 3.